रंग ठेवायचा की सोडायचा: फुजीफिल्म एक्स-टी ५ आणि सह्याद्रीतील एक वर्ष

फुजीफिल्मचा एक्स-टी ५ हा कॅमेरा नोव्हेंबर २०२२ मध्ये बाजारात आला आणि त्याची तांत्रिक परीक्षणे तेव्हाच भरपूर लिहिली गेली. ४० मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा) सेन्सर, बॅटरी व कार्ड धरून ५५७ ग्रॅम वजन, पावसाचे शिंतोडे सोसणारी बांधणी, दोन कार्डांची सोय हे सारे आता सर्वांना ठाऊक आहे. मी हा कॅमेरा एका पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फक्त निसर्गदृश्यांसाठी वापरला आणि वर्षभर एकच प्रश्न त्याच्यापुढे ठेवला: समोरचे दृश्य रंगीत टिपावे की कृष्णधवल, हे जागेवरच, शटर दाबण्याआधी ठरवायला तो मदत करतो का? करतो, असे माझे मत झाले आहे. मात्र ती मदत कशी मिळते आणि कुठे थांबते, हे उदाहरणांनिशीच सांगावे लागेल.

हा कॅमेरा आला तेव्हा त्यात एकोणीस फिल्म सिम्युलेशन होत्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या रंगछटांवर बेतलेल्या तयार पद्धती. निसर्गदृश्यांसाठी त्यांपैकी चारच माझ्या कामी आल्या: प्रोव्हिया, ॲस्टिया, व्हेल्व्हिया आणि ॲक्रॉस. पहिल्या तीन रंगीत आहेत, चौथी कृष्णधवल. ॲक्रॉस हे नाव फुजीच्याच ‘नियोपॅन ॲक्रॉस १००’ या फिल्मवरून घेतले आहे. ही फिल्म २०१८ मध्ये बंद करण्यात आली आणि पुढच्याच वर्षी ‘ॲक्रॉस १०० टू’ या नावाने परत आली. कॅमेऱ्यातील ॲक्रॉस मात्र त्याआधीच, २०१६ मध्ये फुजीच्याच एक्स-प्रो २ या कॅमेऱ्याबरोबर अवतरले होते. त्याला पिवळा, लाल आणि हिरवा अशा तीन फिल्टरांची जोड देता येते. हे फिल्टर काचेचे नाहीत. टिपलेल्या रंगांपैकी कोणता करड्या छटेत उजळ दाखवायचा आणि कोणता गडद, याचा तो हिशेब आहे.

खरे महत्त्व आहे ते व्ह्यूफाइंडरचे. ॲक्रॉस निवडले की डोळ्याला लावलेल्या त्या छोट्या पडद्यावर समोरचा डोंगर कृष्णधवल दिसू लागतो. मी कॅमेऱ्याला जेपेग (तयार चित्र) आणि रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) अशा दोन्ही फाइली साठवायला सांगतो. जेपेग कृष्णधवल निघते आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात, त्यामुळे निर्णय चुकला तरी तो कायमचा नसतो. संगणकावर रंग काढून टाकण्याची सोय तर गेली वीस-पंचवीस वर्षे प्रत्येकाकडे आहे, मग यात नवीन ते काय, असे कोणी विचारील. फरक पडतो तो चौकटीच्या मांडणीत. रंगीत पाहताना डोळा रंगाच्या ठिपक्याकडे ओढला जातो, कृष्णधवल पाहताना तो सर्वांत उजळ भागाकडे धावतो. चौकटीत काय कुठे बसवायचे, हे या ओढीवर अवलंबून असल्यामुळे रंगीत डोळ्याने बांधलेली चौकट घरी आल्यावर कृष्णधवल केली, तर ती बहुतेक वेळा पोकळ वाटते. माझ्या जुन्या संग्रहातील शेकडो छायाचित्रे याची साक्ष देतील.

डिसेंबरमध्ये हरिश्चंद्रगडावर मुक्काम केला होता. कोकणकड्याच्या काठावर सकाळी नऊच्या सुमारास सूर्य पाठीशी असतो, आणि समोर कोकणाच्या बाजूला एकामागे एक डोंगररांगा फिकट निळ्या होत जातात. हे निळेपण डोंगराचे नसते. मधल्या हवेत निळ्या प्रकाशाचे विकिरण जास्त होते, म्हणून रांग जितकी दूर, तितका तिच्यावर निळा पडदा दाट. मी आधी ॲक्रॉसला लाल फिल्टर लावून पाहिला. लाल फिल्टर निळ्या प्रकाशाला दाबतो, त्यामुळे तो पडदा विरळ झाला, दूरच्या रांगेवरच्या घळी आणि सोंडा स्पष्ट दिसू लागल्या, आकाशही गडद झाले. ऐकायला हे उत्तम वाटते. प्रत्यक्षात चित्र बिघडले. ज्या पडद्यामुळे पाच रांगा पाच वेगळ्या करड्या छटांत दिसत होत्या, तोच काढून घेतल्यावर सगळ्या रांगा एकमेकींना चिकटल्या आणि खोली नाहीशी झाली. फिल्टर काढून साधे ॲक्रॉस लावले तेव्हा रांगा पुन्हा सुट्या झाल्या. त्या क्षणी मला निळा फिल्टर हवा होता, कारण त्याने हा पडदा आणखी दाट होऊन रांगांमधले अंतर वाढले असते. कॅमेऱ्याच्या यादीत तो नाही. पुढे रॉ फाइलवर संगणकात निळ्या छटा उजळ करून मी तो परिणाम साधला, परंतु जागेवर तो पाहता आला असता तर मी लेन्स आणखी लांबची लावून चौकट अधिक आवळली असती. निसर्गदृश्यांसाठी या कॅमेऱ्यातली मला सर्वांत जाणवलेली उणीव हीच आहे.

त्याच जागेवर त्याच दिवशी संध्याकाळी उत्तर उलटे आले. सूर्य समोर कोकणावर उतरला होता, हवेतली धूळ उजळून निघाली होती, आणि रांगा निळ्याऐवजी तांबूस, मग राखाडी, मग जांभळट होत होत्या. ॲक्रॉसमध्ये हे सारे एका मवाळ करड्या पट्ट्यात जमा झाले. लाल, पिवळा, हिरवा यांपैकी कोणत्याही फिल्टरने फार फरक पडेना, कारण धुळीचे मोठे कण सर्वच रंगांचा प्रकाश जवळपास सारखा पसरवतात. दोन रांगांमधला भेद उजेडाचा नव्हताच, तो रंगाचा होता. मी ॲस्टियावर गेलो आणि त्या संध्याकाळी पुन्हा ॲक्रॉस लावले नाही. याच कड्यावरून कधीकाळी दिसणारे इंद्रवज्र, म्हणजे खालच्या धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणारे रंगीत वर्तुळ, ज्याला लाभेल त्याने कृष्णधवलचा विचारही करू नये. रंग काढला की उरते ते एक फिके कडे.

पावसाळ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे निसर्गदृश्ये टिपणारा जवळजवळ प्रत्येक जण जून ते सप्टेंबर घाटात असतो, आणि बहुतेकांचे कॅमेरे व्हेल्व्हियावर असतात. व्हेल्व्हिया ही मूळ फिल्म १९९० मध्ये आली आणि तिच्या गडद, भरलेल्या रंगांमुळे जगभरच्या निसर्गछायाचित्रकारांनी ती उचलून धरली. सह्याद्रीच्या पावसाळ्यात मात्र ती मला मानवत नाही. भाताच्या रोपांचा पोपटी, गवताचा कोवळा हिरवा, जंगलाचा गर्द हिरवा आणि कातळावरचा शेवाळी, हे चार रंग नुसत्या डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. व्हेल्व्हिया त्या सर्वांना एकाच भडक हिरव्याकडे ढकलते. प्रोव्हियामध्ये ते बऱ्यापैकी सुटे राहतात. हिरव्याच्या या छटा हाच चित्राचा विषय असेल, तर प्रोव्हिया लावून रंगीतच टिपावे, असे मी आता कोणालाही सांगतो.

पण घाटात पावसाळ्यात पुष्कळदा विषय हिरवळ नसतोच. माळशेज घाटात जुलैच्या एका दुपारी समोर भिजून काळा झालेला बेसॉल्टचा कडा होता, त्यावरून उतरणाऱ्या पाण्याच्या सात-आठ धारा होत्या आणि वरून ढग सरकत होता. रंगीत चौकटीत डोळा वारंवार कड्याच्या पायथ्याच्या गवताकडे जात होता आणि पाण्याच्या धारा दुय्यम ठरत होत्या. ॲक्रॉस लावताच गवत मागे हटले आणि काळ्या कातळावरच्या पांढऱ्या रेघा पुढे आल्या. इथे लाल फिल्टर हमखास घात करतो. पाने लाल प्रकाश फारच कमी परावर्तित करतात, त्यामुळे लाल फिल्टरखाली झाडी जवळजवळ काळी होते आणि ओल्या कातळात मिसळून जाते. हिरवा फिल्टर लावल्यावर झाडी उजळली, कातळ काळाच राहिला आणि कड्याची उभी भिंत झाडीपासून पुन्हा वेगळी झाली. ढगांवर कोणत्याच फिल्टरचा काडीचाही परिणाम झाला नाही. धुक्याचे आणि ढगाचे थेंब सर्व रंग सारखेच पसरवतात, म्हणून धुके फाडण्यासाठी लाल फिल्टर लावणे निरर्थक आहे. तो उपाय हिवाळ्यातल्या निळ्या धूसरपणावर चालतो, पावसाळ्यातल्या पांढऱ्या धुक्यावर नाही.

फिल्टरांचा खरा धडा मला मिळाला तो एका पळसाच्या झाडाकडून. फेब्रुवारीच्या अखेरीस जुन्नरच्या बाजूला एका माळावर तो एकटाच उभा होता. पाने सगळी गळलेली, फांद्या वेड्यावाकड्या, त्यांवर काळसर मखमली कळ्या आणि केशरी-लाल फुले, पाठीमागे स्वच्छ निळे आकाश. रंगीत चौकटीला काही सांगण्याची गरजच नव्हती. केशरी आणि निळा हे एकमेकांना इतके उठाव देतात की झाड चौकटीच्या कोपऱ्यात लहानसे ठेवले तरी पुरत होते. मी साधे ॲक्रॉस लावले आणि फुले गायब झाली. अक्षरशः गायब: केशरी आणि निळा या दोघांची उजेडाची पातळी त्या वेळी इतकी जवळ होती की करड्या आकाशावर करडी फुले उरली आणि फक्त फांद्यांचा सांगाडा दिसू लागला. हिरव्या फिल्टरने फुले आणखी काळवंडली आणि कळ्यांत मिसळली. लाल फिल्टर लावला तेव्हा फुले जवळजवळ पांढरी झाली, आकाश गडद झाले आणि काळ्या फांद्यांवर दिवे लावल्यासारखी ती दिसू लागली. हे चित्र सुंदर होते. परंतु पळस ज्याने पाहिला आहे त्याच्या दृष्टीने ते पळसाचे चित्र राहिले नव्हते. पांढरी फुले आलेले एखादे वेगळेच झाड वाटत होते. मी दोन्ही चौकटी ठेवल्या. रंगीत चौकट पळसाची आहे, कृष्णधवल चौकट त्या फांद्यांच्या वळणांची आहे, आणि दोन्हींत झाड वेगळ्या जागी, वेगळ्या आकारात बसवावे लागले. एकच फाइल दोन प्रकारे छापून हे साधले नसते.

कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये हा प्रश्न फार काळ टिकला नाही. तेरड्याचा गुलाबी आणि कवळ्याचा पिवळा हे शेजारी-शेजारी पसरलेले असतात, आणि त्या पठाराचे सारे रूप या शेजारात आहे. कृष्णधवलमध्ये तो दाणेदार गालिचा होतो आणि कोणते फूल कोणते हे कळत नाही. लोणारचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते. पाणी घटून क्षार वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले हे त्याचे कारण होते. ती घटना म्हणजेच रंग होता. अशा ठिकाणी कृष्णधवल निवडणे म्हणजे विषयच चौकटीबाहेर ठेवणे होय.

आता कॅमेऱ्याच्या मर्यादांकडे येतो. या सेन्सरवर रंग ओळखण्यासाठी जी जाळी आहे, तिच्या प्रत्येक छत्तीस घरांत वीस हिरवी, आठ लाल आणि आठ निळी असतात. लाल फिल्टर निवडला की चित्राची भिस्त मुख्यतः त्या आठ घरांवर येते, आणि निळ्या आकाशात मुळात लाल प्रकाशच थोडा. म्हणून गडद आकाशात नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, दिसू लागतो, आणि ढगांच्या कडांभोवती तो विशेष खुपतो. ऑक्टोबरमधल्या स्वच्छ आकाशाची मोठी प्रिंट काढायची असेल, तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १२५ या मूळ पातळीवरच राहावे आणि कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा. फिल्मच्या काळात काचेचा गडद लाल फिल्टर लावला की तीन स्टॉप प्रकाश कमी होई (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे सेकंदाच्या १२५व्या भागाचे एक्स्पोजर १५व्या भागावर येई. आता ती किंमत प्रकाशात मोजावी लागत नाही, आकाशाच्या गुणवत्तेत मोजावी लागते. अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १० एप्रिल १९२७ रोजी योसेमिटीमध्ये हाफ डोम या कड्याचे छायाचित्र आधी पिवळ्या फिल्टरने घेतले, आणि मग आकाश मनात होते तसे काळे यावे म्हणून उरलेली शेवटची काच (फिल्मऐवजी छायाचित्र जिच्यावर उमटे ती) गडद लाल फिल्टर लावून वापरली. हाती एकच काच असताना असा निर्णय घेण्यासाठी ते चित्र डोळ्यांसमोर आधीच पूर्ण उभे असावे लागते. आपल्याला व्ह्यूफाइंडरमध्ये ते फुकट दिसते, आणि या सोयीचे मोल मला दर वेळी जाणवते.

दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. व्ह्यूफाइंडरमधला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख, निवडलेल्या सिम्युलेशनवर आधारलेला असतो. लाल फिल्टरखाली आकाश गडद दिसते, हिस्टोग्रामही सुरक्षित दिसतो, म्हणून आपण एक्स्पोजर वाढवतो; पण रॉ फाइलमध्ये तेच निळे आकाश आणि ढग मर्यादेबाहेर गेलेले असू शकतात. पुढे तीच फाइल रंगीत करायला घेतली की ढगांतला तपशील सापडत नाही. म्हणून लाल फिल्टरने काम करताना मी शटर दाबण्यापूर्वी एकदा प्रोव्हियावर जाऊन ढगांचा उजेड तपासतो. सिम्युलेशन बदलण्याचे काम मी पुढच्या एका बटणाला नेमून दिले आहे, त्यामुळे या तपासणीला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. एका क्लिकमध्ये तीन सिम्युलेशनची छायाचित्रे देणारी ब्रॅकेटिंगची सोयही आहे. ती मी पहिल्याच आठवड्यात बंद केली, कारण तिने निर्णय घरी ढकलला जातो आणि चौकट कोणत्याच पद्धतीसाठी नीट बांधली जात नाही.

फक्त कृष्णधवल टिपणारे कॅमेरेही आहेत. २०२३ मध्ये पेंटॅक्सचा के-३ मार्क थ्री मोनोक्रोम आणि लायकाचा एम ११ मोनोक्रोम आले. त्यांच्या सेन्सरवर रंगांची जाळीच नसल्यामुळे तपशील आणि प्रकाश जास्त मिळतो. पण त्यांच्यात रंग साठवलाच जात नाही, त्यामुळे फिल्टर काचेचा लावावा लागतो आणि पळसासमोर तो निर्णय परतवता येत नाही. ज्याचे मन कृष्णधवलवर पूर्ण बसले आहे त्याच्यासाठी ते योग्य आहेत. सह्याद्रीत ऋतूगणिक ज्याचे उत्तर बदलते, त्याला दोन्ही वाटा उघड्या ठेवणारा कॅमेरा हवा.

छपाईबद्दल एक अनुभव नोंदवणे आवश्यक वाटते. माळशेजच्या त्या कड्याची २० बाय ३० इंचांची प्रिंट मी शहरातल्या एका लॅबकडून करून घेतली. ती हाती आली तेव्हा पाण्याच्या धारांच्या कडेच्या करड्या छटांत हिरवट झाक होती. लॅबने ती रंगीत छायाचित्रांच्या कागदावर, तीन रंगांच्या मिश्रणातून छापली होती, आणि अशा छपाईत यंत्राचे संतुलन किंचित ढळले तरी शुद्ध करडा रंग राहत नाही. रंगीत छायाचित्रात तेवढी चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. कृष्णधवलमध्ये ती पहिल्या नजरेत दिसते. तीच फाइल नंतर करड्या शाया वापरणाऱ्या इंकजेट यंत्रावर, सुती मॅट कागदावर छापून घेतली, तेव्हा झाक गेली, पण मॅट कागदामुळे कातळाचा काळा थोडा फिका पडला. तिसऱ्या वेळी बरायटा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर असलेला, कागद घेतला आणि ओल्या बेसॉल्टचा काळा जसा हवा तसा मिळाला. छपाईला देण्याआधी लॅबला शाया आणि कागद विचारून घ्यावा, आणि एक लहान नमुना पदरचे पैसे देऊन आधी काढावा.

खरेदीचा विचार करणाऱ्यांसाठी: एक्स-टी ५ बाजारात आला तेव्हा त्याच्या बॉडीला (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला) दीड लाखाहून अधिक रुपये पडत. १६-८० मिलिमीटरची एफ ४ लेन्स ४४० ग्रॅमची आहे आणि घाटातल्या बहुतेक दृश्यांना पुरते. डोंगररांगांसाठी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स जवळ असलेली बरी. परंतु केवळ या लेखात सांगितलेल्या कामासाठी, म्हणजे ॲक्रॉस, तिचे तीन फिल्टर आणि व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसणारे कृष्णधवल यांच्यासाठी, नवाच कॅमेरा घ्यावा असे मी म्हणणार नाही. २०१६ च्या फुजीच्याच एक्स-टी २ या जुन्या कॅमेऱ्यात हे सगळे आहे, २४ मेगापिक्सेल २० बाय ३० इंचांच्या प्रिंटला पुरेसे आहेत, आणि चांगल्या स्थितीतला वापरलेला एक्स-टी २ पुष्कळ कमी पैशांत मिळतो. एक्स-टी ५ चे जास्तीचे पिक्सेल आणि कॅमेऱ्यातच असलेले स्थिरीकरण मला कामी आले ते ट्रायपॉड नेणे शक्य नव्हते अशा पावसातल्या चढणींवर. ज्यांचे काम ट्रायपॉडवरच चालते, त्यांनी उरलेल्या पैशांत लांबची लेन्स आणि बरायटा कागद घ्यावा.